आजीचे तीन सेकंद

माझ्या आईच्या कपाटात, साड्यांच्या मागे, बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. पूर्वी त्यात सुईदोरा असायचा, आता जुन्या सीड्या असतात. गेल्या डिसेंबरात सांगलीला गेले होते तेव्हा त्यातली एक सीडी मागून घेतली आणि स्वेटरच्या घडीत गुंडाळून इकडे नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला आणली. निघताना आईने दहा वेळा बजावलं, "नीट ने गं. एवढी एकच राहिलीय."

सीडीवर मामाच्या अक्षरात, काळ्या मार्करने लिहिलंय : 'आईचं सहस्रचंद्रदर्शन, जानेवारी २००४'.

मामा तेव्हा न्यू जर्सीत होता (अजूनही तिथेच आहे). तो अमेरिकेहून कॅमकॉर्डर घेऊन आला, दिवसभर शूटिंग केलं, परत गेल्यावर महिनाभर रात्री जागून त्याची व्हीसीडी बनवली आणि बारा प्रती कुणीतरी भारतात येणाऱ्याबरोबर पाठवल्या. त्या काळी 'कुणीतरी येणारा' ही आपली एक कुरियर कंपनीच होती! डीव्हीडी तोवर आली होती, पण आमच्या नातेवाइकांत जवळपास सगळ्यांकडे व्हीसीडी प्लेअरच होते, म्हणून त्याने व्हीसीडी केली. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सीडी आली त्या रविवारी आम्ही सगळे हॉलमध्ये बसलो. मी तेव्हा आठवीत. सुरुवात झकास झाली. दारातली रांगोळी, पाहुण्यांची गडबड, औक्षण. मग हळूहळू काहीतरी बिनसायला लागलं. गुरुजींचं तोंड मिटलं तरी मंत्र चालूच! आणि शेवटी आजी बोलायला उभी राहिली. जन्मात कधी माईकसमोर न गेलेली आजी त्या दिवशी चार मिनिटं बोलली होती, आणि घरच्यांच्या दृष्टीने तोच खरा सोहळा होता. पण पडद्यावर तिचे ओठ आधी हलत आणि शब्द तीन सेकंदांनी मागून येत. आम्ही पोरं फिदीफिदी हसलो. आजीही हसली. म्हणाली, "माझं तोंड आधी चालतं आणि अक्कल मागून येते, असं तुमचे आजोबा म्हणायचेच."

आजी २००९ मध्ये गेली. मूळ टेप मामाच्या बेसमेंटमध्ये होती. २०१२ च्या सँडी वादळात तिथे पाणी शिरलं आणि बाकीच्या सामानाबरोबर तीही गेली. बारापैकी अकरा सीड्या कुठे चरे पडून, कुठे घर बदलताना नाहीशा झाल्या. तेव्हा आता हलती-बोलती आजी उरलीय ती या एका सीडीवर. आणि तिथेही तिचे शब्द तिच्यापासून तीन सेकंद तुटलेले.

मी पोटासाठी सिग्नल प्रोसेसिंगच करते, डॉक्टरेटही त्यातच केली. म्हटलं, एवढ्या वर्षांच्या शिक्षणाचा घरच्यांना काही उपयोग होतो का ते तरी बघू. तर मंडळी, आजचा लेख हा त्या तीन सेकंदांचा इतिहास आहे. थोडी आकडेमोड आहे, पण घाबरू नका, चौथीच्या गणिताच्या पुढे जात नाही.

सगळ्यात आधी सीडीची कॉम्प्युटरवर प्रत करून घेतली, चित्र आणि आवाज वेगळे केले आणि दोन्ही मोजले. हिशेब सोपा जावा म्हणून गोल आकडे देते. आवाज निघाला ३००० सेकंदांचा, म्हणजे पन्नास मिनिटांचा. चित्र निघालं २९९७ सेकंदांचं. शेवटचे तीन सेकंद चित्र गोठलेलं आणि टाळ्या चालू! म्हणजे आवाज मध्येच कुठे घसरला नव्हता. पहिल्या सेकंदापासून तो हजारात एक या हिशेबाने मागे पडत होता.

मग सुरुवातीला आम्हाला ते कळलं का नाही? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने १९९८ मध्ये याबद्दल एक शिफारस प्रसिद्ध केली. त्यातल्या प्रयोगांनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला की माणसाला ते जाणवतं, पण मागे पडला तर मात्र १२५ मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही. हा भेदभाव स्वाभाविक आहे. लांब कुणी धुणं आपटत असेल तर आपटणं आधी दिसतं, आवाज मागून येतो. उलटं निसर्गात कधी घडत नाही. हजारात एकच्या गतीने १२५ मिलिसेकंदांचा उंबरठा ओलांडायला दोन मिनिटं लागतात. रांगोळी आणि पाहुण्यांच्या गडबडीत ती दोन मिनिटं केव्हाच निघून गेली होती. जवळून बोलणारा माणूस दिसला तेव्हा कुठे चोरी पकडली गेली.

आता 'हजारात एक' हा आकडा बघितला आणि मी खुर्चीत मागे टेकले. आमच्या धंद्यातल्या लोकांना तो घरच्या पत्त्यासारखा पाठ असतो. तो माझ्या मामाचा नाही. तो १९५३ सालचा आहे.

अमेरिकेत टीव्हीचं मानक १९४१ मध्ये ठरलं : एका चित्रात ५२५ ओळी आणि सेकंदाला ३० चित्रं. तिथे घरात येणारी वीज सेकंदाला ६० हेलकावे घेते, त्याच्या निम्मी ३०. विजेच्या तालाशी चित्राचा ताल जुळला की पडद्यावर सरकणारे पट्टे दिसत नाहीत, म्हणून हा आकडा. सगळं काळं-पांढरं, पण हिशेब स्वच्छ.

मग रंग आणायची वेळ आली. १९५० मध्ये तिथल्या सरकारी आयोगाने सीबीएस कंपनीची पद्धत मंजूर केली. तिच्यात रंगीत काचांचं एक चाक पडद्यासमोर गरगर फिरायचं. रंग चांगले दिसत, पण एक मोठी गोची होती. लोकांच्या घरात असलेल्या लाखो काळ्या-पांढऱ्या टीव्हींवर हे नवे कार्यक्रम मुळी दिसतच नसत, काळे-पांढरेसुद्धा नाहीत! जून १९५१ मध्ये प्रक्षेपण सुरू झालं आणि ऑक्टोबरमध्ये बंद पडलं. कोरियाच्या युद्धामुळे रंगीत संच बनवणं थांबवलं गेलं हे अधिकृत कारण. पण बघायला प्रेक्षकच नसलेली पद्धत किती दिवस टिकणार होती?

दुसऱ्या खेपेला अभियंत्यांनी अट घालून घेतली : घरात आहे तो टीव्ही चालत राहिला पाहिजे. नवीन घेणाऱ्याला रंग दिसेल, जुन्यावाल्याला तोच कार्यक्रम काळा-पांढरा दिसेल, पण कुणीही वाऱ्यावर सुटणार नाही. म्हणजे रंगाची सगळी माहिती जुन्याच चॅनेलच्या जागेत दाटीवाटीने बसवायची. लोकलमध्ये "थोडं सरकून घ्या" म्हणतात तसं.

सरकून घेताना रंगाचा धक्का आवाजाला लागला. चॅनेलमध्ये आवाजाची लहर चित्राच्या लहरीपासून ४५ लाख हर्ट्‌झ अंतरावर असते. रंगाची नवी लहर आणि ही आवाजाची लहर एकमेकींत मिसळून पडद्यावर ठिपक्यांची जाळी उमटायला लागली. उपाय सापडला तो असा की, या ४५ लाखांना ओळींच्या गतीने पूर्ण भाग गेला, तर ती जाळी डोळ्याला फारशी दिसत नाही. ओळींची गती होती ५२५ गुणिले ३०, म्हणजे सेकंदाला १५,७५०. भागून बघा : २८५.७१ येतं. जवळचा पूर्णांक २८६. तो हवा असेल तर दोन रस्ते. आवाजाची लहर हजारात एकने वर सरकवायची, नाहीतर चित्राची गती हजारात एकने कमी करायची.

जुन्या टीव्हीतली आवाजाची मंडलं ४५ लाखांवर बेतलेली होती. ती बिघडण्याची भीती होती. म्हणून आवाज जागेवर ठेवला आणि चित्र हळू केलं. ओळी १५,७५० च्या झाल्या १५,७३४.२७ आणि चित्रं ३० ची झाली २९.९७. नेमकं सांगायचं तर ३० गुणिले १००० भागिले १००१. १७ डिसेंबर १९५३ ला ही पद्धत मंजूर झाली. तिचं नाव एनटीएससी.

मला या निर्णयाचं नेहमी कौतुक वाटतं. ज्याच्या घरी जुना संच आहे त्याच्यासाठी अख्ख्या देशाने आपलं घड्याळ किंचित हळू केलं. त्याची किंमत मात्र पुढच्या पिढ्यांनी फेडली. ३० आणि २९.९७ मधला फरक तासाभरात १०८ चित्रांचा होतो, म्हणजे ३.६ सेकंदांचा. तो जुळवण्यासाठी तिथल्या संकलकांना चित्रांचे क्रमांक ठरावीक ठिकाणी गाळत मोजायची पद्धत काढावी लागली. लीप वर्षासारखीच भानगड, फक्त उलटी.

आपल्याकडे ही कटकट नव्हती. आपली वीज ५० हेलकाव्यांची, म्हणून टीव्ही २५ चित्रांचा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि १९८२ च्या एशियाडच्या वर्षी देशात रंग आला तो पॅल पद्धतीचा. ही पद्धत जर्मनीत टेलिफुंकन कंपनीच्या वाल्टर ब्रुख यांनी १९६०च्या दशकात बसवली, अमेरिकेच्या चुका बघून. पॅलमध्ये २५ म्हणजे २५च.

पण फार हुरळून जाऊ नका. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो आणि पॅल टीव्हीवर तो सरळ २५ ने पळवत. तीन तासांचा सिनेमा सात मिनिटं आधी संपतो आणि गाण्यांचा सूर वर चढतो. किती? पेटीवर पांढरी एक आणि काळी एक यांत जेवढं अंतर, त्याच्या साधारण सत्तर टक्के. टीव्हीबरोबर पेटी वाजवायला बसलेल्या माणसाला काही केल्या सूर सापडला नसेल, तर त्यात दोष त्याचा नाही!

असो. हे झालं चित्राचं. आता आवाज, आणि त्यासाठी माझ्या सध्याच्या गावात यावं लागेल.

आइंडहोवन हे फिलिप्सचं गाव. कंपनीची जुनी प्रयोगशाळा 'नॅटलॅब' १९१४ मध्ये सुरू झाली. स्ट्राइप भागातल्या तिच्या जुन्या इमारतीत आता सिनेमागृह आहे आणि पावसाळी शनिवारी (म्हणजे बहुतेक शनिवारी) मी सायकलवर तिथे जाते. याच गावात ८ मार्च १९७९ ला फिलिप्सने कॉम्पॅक्ट डिस्क पहिल्यांदा जगाला ऐकवली आणि पुढच्या वर्षी सोनीबरोबर बसून तिचं मानक ठरवलं : सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा.

४४,१०० हा काय आकडा आहे? माणसाला जेमतेम २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकू येतं, त्याच्या दुपटीहून थोडे जास्त नमुने हवेत, हे शास्त्र झालं. पण मग ४२,००० किंवा ४५,००० का नाही? कारण त्या काळी एवढे बिट साठवायला परवडणारी एकच वस्तू होती, व्हिडिओ टेप. बिटांचे काळे-पांढरे ठिपके करून ते चक्क टीव्हीचं चित्र म्हणून टेपवर उतरवत. अमेरिकन पद्धतीत सेकंदाला ६० अर्धचित्रं, प्रत्येकात वापरता येण्याजोग्या २४५ ओळी, ओळीला ३ नमुने : गुणाकार ४४,१००. युरोपीय पद्धतीत ५० अर्धचित्रं, २९४ ओळी, ३ नमुने : गुणाकार पुन्हा ४४,१००! दोन्हीकडे बसणारा आकडा, म्हणून तो निवडला. आणि गंमत पुढेच आहे. रंगीत अमेरिकन व्हिडिओच्या गतीवर चालणारी यंत्रं होती, त्यांचा आकडा यायचा ४४,०५६. पुन्हा तेच हजारात एक!

म्हणजे नुसत्या आवाजाच्या सीडीने आपला आकडा टीव्हीकडून उसना घेतला. पुढे टीव्हीने तो वसूल केला. १९८८ मध्ये लिओनार्दो किआरिग्लिओने आणि हिरोशी यासुदा यांनी एमपेग नावाचा तज्ज्ञगट सुरू केला. त्यांचं पहिलं काम हेच की चित्र इतकं दाबायचं की ते आवाजासकट सीडीच्या गतीत मावेल. सीडी सेकंदाला १४,११,२०० बिट देते. १९९३ ला फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी यांनी व्हिडिओ सीडीचं मानक आणलं, त्यात चित्राला सुमारे साडेअकरा लाख बिट आणि आवाजाला २,२४,००० अशी वाटणी केली. आपण ज्या गल्लीतल्या दुकानातून भाड्याने आणायचो ती व्हीसीडी ही. तिच्यात अमेरिकन गतीची चित्रं चालतात आणि आपल्या गतीचीही. आमच्या सांगलीच्या प्लेअरला दोन्ही कळत होतं. म्हणजे प्लेअर निर्दोष.

डीव्हीडीने १९९६ मध्ये येताना आवाजाचा आकडा बदलला, ४८,००० केला. हा आकडा टीव्हीच्या धंद्यातला. त्याला २४, २५ आणि ३० या तिन्हींनी पूर्ण भाग जातो, म्हणून प्रत्येक चित्राच्या वाट्याला पूर्ण नमुने येतात. २९.९७ ने मात्र भागलं की १६०१.६ उरतात. सगळ्या पंगतीला जेवण पुरलं, एकाला पोळी तोडून द्यावी लागली. शिवाय व्हीसीडीचा आवाज डीव्हीडीवर जसाच्या तसा टाकता येत नाही. दर १४७ नमुन्यांच्या जागी १६० नवे मोजून काढावे लागतात. ते न करता नुसतं लेबल बदललं तर आजीचा आवाज लहान मुलीसारखा होईल.

इथवर आल्यावर मामाला फोन लावला.

"मामा, सहस्रचंद्रदर्शनाची सीडी तू नेमकी कशी केलीस, आठवतंय का?"

"अगं, विसरेन कसा? महिना खाल्ला तिने माझा! टेप उतरवली माझ्या विंडोजच्या मशीनवर. माझ्याकडे कापाकापी करायला चांगला प्रोग्राम नव्हता, तो मित्राच्या मॅकवर होता. मोठी फाइल एका गठ्ठ्यात जाईना, म्हणून चित्र वेगळं नेलं, आवाज वेगळा नेला."

मी सावध झाले. "मग?"

"आवाज पहिल्यांदा टाकला तर नुसती खरखर. मित्र म्हणाला, बाइट उलटे कर. केले, मग लागला."

वाचकहो, ही खरखर म्हणजे कॉम्प्युटरच्या जगातलं जुनं भांडण. १६ बिटांचा नमुना दोन बाइटांत लिहितात. आधी मोठा बाइट लिहायचा की धाकटा? ॲपलच्या मशीनमधले तेव्हाचे प्रोसेसर मोठा आधी लिहीत, म्हणून १९८८ ची त्यांची एआयएफएफ फाइलही तशीच. मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएमची १९९१ ची वेव्ह फाइल इंटेलच्या रीतीने धाकटा आधी लिहिते. डीव्हीडीवरचा न दाबलेला आवाज पुन्हा मोठा आधी. मराठीत आपण 'पंचवीस' म्हणतो, म्हणजे पाच आधी, वीस नंतर. इंग्रज 'ट्वेंटी-फाइव्ह' म्हणतो. डच माणूस मात्र आपल्यासारखाच, 'पाच आणि वीस' म्हणतो. इथल्या बाजारात भाजीवाल्याने सांगितलेली किंमत मला पहिल्या आठवड्यात कळली ती यामुळेच, आणि माझी अमेरिकन सहकारी अजून चुकते. एकाने पंचवीस लिहिलं आणि दुसऱ्याने बावन्न वाचलं, की आवाजाची खरखर होते. फाइलच्या डोक्यावर 'मी अमुक रीतीची' अशी चिठ्ठी असते. मामाने कच्चा आवाज नेला होता, म्हणजे बिनचिठ्ठीचा.

"आणि चित्र?" मी विचारलं.

"चित्राला काही त्रास नाही झाला. प्रोग्रामने विचारलं, सेकंदाला किती चित्रं? मी ३० लिहिलं."

"तीस?"

"तीसच ना? पुस्तकात तीसच होतं. मग?"

सापडलं! चोर कुणीच नव्हता. मामाने फक्त पूर्णांक लिहिला होता, आणि तोही १९५३ पर्यंत अगदी बरोबर असलेला.

काय झालं असेल ते आता सांगता येतं. टेपवरच्या ३००० सेकंदांत चित्रं होती ८९,९१०. ती सेकंदाला ३० ने मोजली की होतात २९९७ सेकंद. पुढे व्हीसीडी बनवताना प्रोग्रामला २९.९७ ची गती हवी होती. तो बिचारा प्रामाणिक. त्याने दर हजारातलं एक चित्र काढून टाकलं आणि २९९७ सेकंदांत ८९,८२० चित्रं नीट बसवली. आवाजाला कुणी हात लावला नाही, तो ३००० सेकंदांचाच राहिला. म्हणून सीडी तपासली तर तिच्यावर २९.९७ असंच लिहिलेलं दिसतं, सगळं कसं नियमात. चूक डिस्कवर नाहीच, ती एक पायरी आधी झालीय. अशी चूक शोधायला सगळ्यात अवघड.

ही चूक करणारा मामा एकटा नव्हे. त्या काळात घरोघरी डिस्क बनवणाऱ्यांच्या वाट्याला ती येण्याचं कारण म्हणजे प्रत्येक मशीनची काळ मोजायची रीत निराळी होती. ॲपलच्या १९९१ च्या क्विकटाइममध्ये सेकंदाचे बहुधा ६०० भाग करत. त्याला २४, २५, ३० ने भाग जातो, २९.९७ ने जात नाही. मायक्रोसॉफ्टच्या १९९२ च्या एव्हीआय फाइलमध्ये चित्रावर वेळेचा शिक्काच नसतो. सुरुवातीला एक गती लिहायची आणि पुढे नुसतं मोजत जायचं. ती गती चुकली की सगळंच चुकलं. एमपेगवाल्यांनी मात्र विचार करून सेकंदाचे ९०,००० भाग केले. २५ ने भागा, ३६०० येतात, २९.९७ ने भागा, बरोबर ३००३ येतात. या ३००३ मधले वरचे तीन म्हणजे १९५३ च्या तडजोडीला केलेला नमस्कारच. चित्र आणि आवाज एका मशीनवरून दुसऱ्यावर एकत्र गेले तर हे हिशेब बरोबर जातात. ताटातूट झाली की मग कुणीतरी "किती?" विचारतं आणि माणूस पूर्णांक सांगतो.

दुरुस्ती आता सोपी होती. काढून टाकलेली नव्वद चित्रं परत येणार नाहीत. सबंध सोहळ्यातले तीन सेकंद कायमचे गेले, पण ते पन्नास मिनिटांत इतके विखुरलेत की कुणाला जाणवत नाहीत. उरलेल्या चित्रांना १००१ भागिले १००० ने ताणलं आणि आवाजाला मुळीच हात लावला नाही.

हे लिहून झालं आणि एकदम लक्षात आलं, की सत्तर वर्षांपूर्वी त्या मंडळींनीही नेमकं हेच केलं होतं. आवाज जागेवर ठेवला, चित्र हजारात एकने हळू केलं. तेच गुणोत्तर, तीच दिशा. मामाने नकळत १९५३ च्या मागे नेऊन ठेवलेली आजी मी ओढून पुन्हा पुढे आणली, एवढंच.

आईला मी फाइल पाठवते म्हटलं तर ती म्हणाली, "मला ते फोनवर नको. टीव्हीवर बघू दे. डीव्हीडी प्लेअर चालू आहे आपला." म्हणजे आता डीव्हीडी आली! डीव्हीडीला ताणलेली गती चालत नाही, नियमात २९.९७च हवी. मग दर हजार चित्रांमागे एक चित्र दोनदा घातलं, जिथे प्रोग्रामने एक काढलं होतं तिथे एक भरलं. आवाज १४७ चा १६० करून घेतला. हा सगळा उद्योग मी फुकट मिळणाऱ्या लिनक्सच्या साधनांवर केला. मामाला २००४ मध्ये दोन मशीन आणि एक मित्र लागला होता. डिस्क तयार झाली आणि पुण्याला जाणाऱ्या एका मैत्रिणीबरोबर पाठवली. 'कुणीतरी येणारा' अजून आहे!

खरं तर फाइल पाठवणं माझ्या दृष्टीने शहाणपणाचं होतं. पण मामाने बारा व्हीसीड्या का केल्या होत्या? नातेवाइकांच्या घरी ते यंत्र होतं म्हणून. १९५३ मध्ये चित्र का हळू केलं? लोकांच्या घरी ते संच होते म्हणून. समोरच्याच्या घरी काय आहे ते बघून आपला आकडा वाकवायचा, ही आमच्या धंद्यातली खरी माणुसकी आहे, आणि सगळ्या गुंतागुंतीचं मूळही तेच. नवीन सगळं पाटी पुसून लिहिलं असतं तर २९.९७ कधी जन्मलंच नसतं. पण मग कितीतरी घरांत त्या दिवशी पडदा रिकामा राहिला असता.

मागच्या रविवारी आईचा फोन आला. बाबा, मावशी, शेजारच्या काकू सगळ्या बसून बघितलं म्हणाली. आजीचं भाषण दोनदा लावलं.

"आता बरोबर आहे ना?" मी विचारलं.

"अगदी बरोबर आहे गं. ओठ आणि शब्द एकदम." मग थोडं थांबून म्हणाली, "आई शेवटी 'अरुण, आता बंद कर ते' असं म्हणते, ते मला इतकी वर्षं कळलंच नव्हतं. शब्द ऐकू यायचे तेव्हा चित्र थांबलेलं असायचं. ती कॅमेऱ्याकडे बघून मामाला म्हणतेय ते."

मामाला कळवलंय. तो म्हणाला, "पण मी बंद नव्हता केला. म्हणून तर टाळ्या आल्या."